हरवलेल्या रिळांचे वारसदार

बाबूराव पेंटरांचा १९२५ सालचा ‘सावकारी पाश’ आज कुणालाच पाहता येत नाही. त्या मूकपटाची प्रत उरलेली नाही. कर्जापायी जमीन गेलेला शेतकरी शहरात जाऊन गिरणी कामगार होतो, त्याचे काम तरुण व्ही. शांताराम यांनी केले होते, कथा नारायण हरी आपटे यांची होती, एवढे आपल्याला पुस्तकांतून कळते. तरीही कोल्हापुरातल्या एखाद्या जाणत्या माणसापुढे या चित्रपटाचे नाव काढून पाहावे. त्यातल्या छायाप्रकाशाबद्दल, झोपडीबद्दल, शेतकऱ्याच्या चेहऱ्याबद्दल तो असे बोलू लागतो, की परवाच्या रविवारी तो खेळ बघून आला आहे असे वाटावे. त्याने तो पाहिलेला नसतो. आजोबांनी पाहिला, वडिलांना सांगितला, आणि वडिलांनी रंकाळा तलावावर फिरताना मुलाला सांगितला. रीळ गेले, सांगणे चालू राहिले.

हा संग्रह असे सांगणाऱ्यांचा आहे. चित्रपट बनवणाऱ्यांवर मराठीत बरेच लिहून झाले आहे. शांतारामबापूंचे ‘शांतारामा’, भालजी पेंढारकरांचे ‘साधा माणूस’, नट सूर्यकांतांचे ‘धाकटी पाती’, अभिनेत्री हंसा वाडकरांचे ‘सांगत्ये ऐका’ ही पुस्तके घराघरांत पोहोचली. प्रभात फिल्म कंपनीचा इतिहास बापू वाटव्यांनी लिहिला, इसाक मुजावरांनी उभे आयुष्य मराठी चित्रपटाच्या नोंदी करण्यात घालवले. चित्रपट ज्यांनी पाहिला, पुन्हा पुन्हा पाहिला, त्यातली गाणी जात्यावर आणि यंत्रमागावर म्हटली, जुन्या पुस्तिका ट्रंकेत जपल्या, त्यांच्याकडे मात्र कुणी वहीपेन घेऊन फारसे गेले नाही. चाहता म्हणजे टाळ्या वाजवणारा, गर्दी करणारा, फार तर तिकीटबारीवरचा एक आकडा, अशीच त्याची गणना होत राहिली. आमचे म्हणणे वेगळे आहे. ज्या शहराचे निम्मेअधिक चित्रपट नष्ट झाले, त्या शहरात चाहत्याची आठवण हाच चित्रपटाचा शिल्लक राहिलेला भाग असतो. तिला पुराव्याचा मान द्यायला हवा, आणि पुराव्यासारखी तपासायलाही हवी.

या विषयात नव्याने येणाऱ्या वाचकासाठी थोडे मागे जाणे भाग आहे.

आनंदराव आणि बाबूराव हे मेस्त्री बंधू नाटकांचे पडदे रंगवत. नाटक कंपन्यांच्या त्या वैभवाच्या काळात त्यांच्या पडद्यांची ख्याती अशी होती, की मेस्त्री हे आडनाव मागे पडून पेंटर हेच नाव झाले. १९१३ साली दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ आला आणि रंगवलेला पडदा हलता करण्याचे वेड या दोघांना लागले. कॅमेरा विकत आणण्याची ऐपत नव्हती, म्हणून तो कोल्हापुरातच बनवायचे ठरले. १९१६ मध्ये आनंदराव गेले. बाबूरावांनी काम सोडले नाही. कॅमेरा तयार झाला, तानीबाई कागलकर या गायिकेने भांडवल दिले आणि महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली. १९२० मध्ये पुण्यात ‘सैरंध्री’ झळकला. लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना ‘सिनेमा केसरी’ म्हटले ते त्याच काळात. ‘सैरंध्री’तला कीचकवध प्रेक्षकांना इतका खरा वाटला, की तो प्रसंग पुढे कापावा लागला. चाहतेपणाच्या इतिहासात मला ही घटना फार मोलाची वाटते. पडद्यावर जे घडते ते खोटे आहे हे ठाऊक असूनही थेटरात माणसे घाबरली. त्या घाबरण्यातच पुढच्या सगळ्या प्रेमाचे मूळ आहे.

कोल्हापूरची गोष्ट मुंबईपुण्याहून निराळी आहे, ती एका कारणाने. इथे चित्रपट पाहणारा आणि चित्रपट करणारा यांच्यात अंतर फार थोडे होते. सुतार, लोहार, शिंपी, रंगारी, घोडेवाले, तालमीतले पैलवान, सगळे एकाच पेठेत राहणारे. सकाळी स्टुडिओत खिळे ठोकणारा माणूस रात्री टॉकीजमध्ये बसून आपल्या हातची कमान पडद्यावर शोधायचा. दामले आणि फत्तेलाल हे याच महाराष्ट्र फिल्म कंपनीत घडले, शांतारामही तिथेच. १ जून १९२९ रोजी या तिघांनी धायबर आणि सीतारामपंत कुलकर्णी यांना घेऊन प्रभात काढली ती कोल्हापुरातच. मराठीतला पहिला बोलपट ‘अयोध्येचा राजा’ १९३२ मध्ये इथेच तयार झाला. पुढच्याच वर्षी प्रभात पुण्याला गेली. तेव्हाची हुरहूर अजून काही घरांत ऐकू येते. ‘संत तुकाराम’ने १९३७ साली व्हेनिसमध्ये मान मिळवला, त्याचे कौतुक सांगतानाही जुना कोल्हापूरकर ‘ती माणसं मूळची आपलीच’ हे जोडल्याशिवाय राहत नाही.

प्रभात गेली तरी शहर रिकामे झाले नाही. राजाराम महाराजांच्या आश्रयाने कोल्हापूर सिनेटोन निघाली, रंकाळ्याच्या बाजूला शालिनी सिनेटोन निघाली. बाबूरावांनी ‘उषा’, ‘प्रतिभा’ आणि बोलपटाच्या रूपातला ‘सावकारी पाश’ शालिनीसाठी केले. मास्टर विनायकांची हंस पिक्चर्स आली, ‘ब्रह्मचारी’ने १९३८ मध्ये महाराष्ट्राला हसवले. कोल्हापूर सिनेटोनची वास्तू पुढे भालजी पेंढारकरांकडे आली आणि जयप्रभा स्टुडिओ या नावाने ओळखली जाऊ लागली. १९४८ मध्ये गांधीहत्येनंतरच्या जाळपोळीत ती जळाली. भालजींनी ती पुन्हा उभारली.

मूकपटांचे काय झाले, हेही इथेच सांगायला हवे, कारण त्याशिवाय या पुस्तकाचे प्रयोजन कळणार नाही. त्या काळची फिल्म नायट्रेटची असे. ती चटकन पेट घेते, उष्म्याने चिकटते, शेवटी तिचा भुगा होतो. चित्रपटाचे खेळ संपले की डबे म्हणजे अडगळ आणि जोखीम. शिवाय फिल्ममधली चांदी काढून विकता येई. भारतात तेराशेच्या आसपास मूकपट झाले असे मानतात, त्यांतले आज हाताच्या बोटांवर मोजता येतील इतके उरले आहेत, आणि त्यांतही पूर्ण थोडेच. बाबूरावांच्या एवढ्या मोठ्या कामातून ‘मुरलीवाला’ आणि ‘सती सावित्री’ यांचे तुकडे हाती लागतात. पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ मध्ये सुरू झाले, पी. के. नायर यांनी गावोगाव फिरून मिळतील ते डबे गोळा केले, तोवर बराच उशीर झाला होता. २००३ मध्ये पुण्यात जुन्या नायट्रेट फिल्म्सना आग लागली आणि जपलेल्यातलेही बरेच गेले. मग उरते काय? बाबूरावांच्या ‘कल्याण खजिना’चे १९२४ सालचे पोस्टर, काही स्थिरचित्रे, वर्तमानपत्रांतल्या जाहिराती, आणि पाहिलेल्यांचे बोलणे.

या बोलण्याचे प्रवाह अनेक आहेत. ते एकमेकांत मिसळतात, एकमेकांशी भांडतातही.

सर्वांत जोरकस प्रवाह भालजींच्या चाहत्यांचा. ‘नेताजी पालकर’, ‘थोरातांची कमळा’, १९५२ चा ‘छत्रपती शिवाजी’, ‘मोहित्यांची मंजुळा’, ‘मराठा तितुका मेळवावा’ हे चित्रपट या भागातल्या लोकांनी पाहिले तसेच केलेही. लढाईच्या प्रसंगांना लागणारी माणसे आसपासच्या गावांतून आणि पेठांतून येत. त्यामुळे इथल्या आठवणीला वेगळाच पोत आहे. कुणी चंद्रकांत मांढऱ्यांच्या शिवाजीबद्दल बोलतो, आणि बोलता बोलता त्या घोडदळात तिसऱ्या रांगेत आपला काका कसा होता, घोडा कुणाच्या पागेतला होता, हे सांगू लागतो. सुलोचनाबाईंची जिजाऊ पाहून आलेल्या बायकांच्या मनात जिजाऊंचा चेहरा कायमचा तोच राहिला. इतिहासकाराला हे गैरसोयीचे वाटेल. मला ते फार सुंदर वाटते. चंद्रकांतांनी पुढे आपली चित्रे आणि राजारामपुरीतले घर संग्रहालयासाठी दिले. नट, चित्रकार आणि शेजारी ही तिन्ही नाती एका माणसाशी ठेवणारा प्रेक्षक कोल्हापुरातच सापडावा.

दुसरा प्रवाह तमाशापटांचा, आणि तो पेठेपेक्षा गावाकडचा. १९४७ मध्ये ‘जय मल्हार’ आणि ‘लोकशाहीर रामजोशी’ आले आणि ढोलकीचा आवाज पडद्यावर पक्का झाला. १९५९ चा अनंत माने यांचा ‘सांगत्ये ऐका’ पुण्याच्या विजयानंदमध्ये १३१ आठवडे चालला. मात्र अशा चित्रपटाचा खरा मुक्काम आठवड्यांच्या हिशेबात सापडत नाही. तो सापडतो जत्रेतल्या तंबूत. सुगी संपली की टुरिंग टॉकीज गावोगाव फिरे. एका बाजूला पुरुष, दुसऱ्या बाजूला बाया, मध्ये पडदा, खाली माती. रीळ तुटले की आरडाओरडा, जोडले की टाळ्या. तंबूत पाहिलेला चित्रपट माणसाला प्रसंगांच्या क्रमाने आठवत नाही. थंडी, भज्यांचा वास, बैलगाडीतली परतीची वाट यांच्यासकट तो आठवतो. या संग्रहातले सर्वांत चांगले लेखन मला याच भागातून आलेले दिसते.

चाहत्यांमध्ये या प्रवाहाकडे पाहण्याचा एक तुच्छतेचा सूर बराच काळ होता, तो नोंदवणे आवश्यक आहे. सुशिक्षित रसिक प्रभातचे नाव अभिमानाने घेत आणि तमाशापटाचा विषय टाळत. दादा कोंडके आले तेव्हा हा दुरावा आणखी वाढला. वसंत सबनीसांच्या ‘विच्छा माझी पुरी करा’ने रंगभूमीवर गाजलेले दादा १९७१ मध्ये ‘सोंगाड्या’ घेऊन आले, त्याची कथाही सबनीसांची. पाठोपाठ नऊ चित्रपटांनी रौप्यमहोत्सव केले आणि गिनीज बुकात नोंद झाली. समीक्षकांनी नाके मुरडली, प्रेक्षक रांगा लावत राहिले. त्या रांगेतल्या गिरणी कामगाराला आणि हमालाला दादांच्या भोळ्या नायकात काय सापडत होते, हे त्या वेळी कुणी विचारले नाही. आता विचारायला माणसे थोडी उरली आहेत.

संगीताच्या दर्दींचा प्रवाह वेगळाच, शांत आणि चिवट. लता मंगेशकरांनी ‘आनंदघन’ या नावाने भालजींच्या चित्रपटांना संगीत दिले. ‘साधी माणसं’ला राज्य पुरस्कार मिळाला तेव्हा आनंदघन म्हणजे कोण, हे सगळ्यांना कळले. कोल्हापुरातल्या जुन्या तबकड्या जमवणाऱ्यांपाशी या चार-पाच चित्रपटांना देवघराचे स्थान आहे. मिरजेच्या राम कदमांच्या चालींचे चाहते आणि वसंत पवारांच्या चालींचे चाहते यांचे वाद ऐकणे हा मोठा आनंद असतो. दोन घराण्यांचे गवई जितक्या निष्ठेने भांडतील तितक्याच निष्ठेने ही माणसे एका अंतऱ्यावर भांडतात. जगदीश खेबुडकर हे तर शहरातले मास्तर. त्यांचे विद्यार्थी, शेजारी, त्यांना गाणे लिहिताना पाहिलेली माणसे अजून आहेत, आणि प्रत्येकापाशी एखाद्या मुखड्याच्या जन्माची निराळी गोष्ट आहे. या गोष्टी एकमेकींशी जुळत नाहीत. आम्ही त्या जुळवल्या नाहीत.

फिल्म सोसायटीच्या चळवळीने चाहत्याला वेगळी शिस्त दिली. सत्यजित राय आणि त्यांच्या मित्रांनी १९४७ मध्ये कलकत्त्यात सोसायटी काढली, १९६८ मध्ये मुंबईत प्रभात चित्र मंडळ सुरू झाले, पुण्यात संग्रहालय होतेच. कोल्हापुरातही बाबूराव पेंटरांच्या नावाने सोसायटी उभी राहिली आणि आंतरराष्ट्रीय महोत्सव भरू लागला. या शाळेत वाढलेला चाहता चित्रपटाबद्दल हळू आवाजात बोलतो, कॅमेऱ्याची जागा पाहतो, दिग्दर्शकाचे नाव आधी घेतो. अरुण खोपकरांचे ‘गुरुदत्त : तीन अंकी शोकांतिका’ हे पुस्तक या वृत्तीचे मराठीतले सर्वोत्तम फळ. प्रेमाने विचाराला धार येते, हे त्या पुस्तकाने दाखवले. आमच्या पिढीतल्या पुष्कळांनी ते वाचून पहिल्यांदा चित्रपटावर लिहायचे धाडस केले.

त्यानंतर आली टीव्ही आणि कॅसेटची पिढी. ‘अशी ही बनवाबनवी’ १९८८ चा. तेव्हाही तो चालला, पण त्याचे खरे आयुष्य पुढे सुरू झाले. दूरदर्शनवर, लग्नघरातल्या व्हिडिओवर, मग मोबाइलवर तो इतक्या वेळा पाहिला गेला, की त्यातले संवाद महाराष्ट्राच्या रोजच्या बोलण्यात मुरले. घर भाड्याने शोधणाऱ्या मुलांना आणि दिराच्या लग्नात खोड्या काढणाऱ्या वहिनींना तेच संवाद कामी येतात. मूळ कल्पना हृषीकेश मुखर्जींच्या ‘बीवी और मकान’ची; पण मराठी संवाद सबनीसांचे, म्हणजे तमाशाच्या बतावणीतून आलेले. ‘सोंगाड्या’कडे नाक मुरडणाऱ्या घरांतही ‘बनवाबनवी’ पाठ आहे, आणि दोन्हींची लेखणी एकच होती हे तिथे सहसा कुणी बोलत नाही. लक्ष्मीकांत बेर्डे २००४ मध्ये गेले. त्यांच्या निधनानंतर जन्मलेली मुले आज त्यांचे हावभाव करून दाखवतात. ‘झपाटलेला’मधला बाहुला तिसऱ्या पिढीला घाबरवतो आहे. पंथासारखे अनुयायी लाभलेला चित्रपट असे इंग्रजी समीक्षक ज्याला म्हणतात, तो आपल्याकडे मध्यरात्रीच्या खास खेळांतून घडत नाही. तो दुपारच्या जेवणानंतर, आजीपासून नातवापर्यंत सगळे एका सतरंजीवर बसलेले असताना घडतो. अमेरिकेत ‘रॉकी हॉरर पिक्चर शो’चे प्रेक्षक वेषभूषा करून थेटरात जातात आणि पडद्याला उत्तरे देतात. तंबूतले आपले आजोबा हे आधीपासून करत होते.

ज्यांना मोठी गर्दी कधीच लाभली नाही, अशा कलावंतांच्या चाहत्यांसाठी या पुस्तकात मुद्दाम जागा ठेवली आहे. लोकप्रिय नटाचे प्रेम वाटून घेता येते. अनोळखी वादकाचे प्रेम एकट्याने वाहावे लागते. नंदू भेंडे हे त्यातले ठळक नाव. आत्माराम आणि आशा भेंडे यांच्यासारख्या नाटकवाल्यांच्या घरातला हा मुलगा सत्तरच्या दशकात मुंबईत रॉक गात होता. अलेक पदमसींच्या ‘जीझस क्राइस्ट सुपरस्टार’मध्ये त्याने जूडास केला, आणि १९७८ मध्ये पु. ल. देशपांडे यांच्या ‘तीन पैशाचा तमाशा’त रॉकचा आवाज थेट मराठी रंगमंचावर आणला. जब्बार पटेलांनी बसवलेल्या त्या नाटकात लावणी आणि इलेक्ट्रिक गिटार शेजारी शेजारी उभी राहिली. ज्यांनी तो प्रयोग पाहिला ती माणसे आज सत्तरीच्या घरात आहेत आणि अजूनही त्याबद्दल उभे राहून बोलतात. भेंडे २०१४ मध्ये गेले. त्या काळातल्या मुंबईच्या रॉक बँडांचे ध्वनिमुद्रण फार थोडे झाले. त्यांतल्या अ‍ॅटॉमिक फॉरेस्टची गाणी २०११ मध्ये अमेरिकेतल्या एका कंपनीने पुन्हा काढली, आणि आपल्या शहरातला आवाज परदेशी तबकडीवरून ऐकण्याची वेळ मराठी तरुणांवर आली.

गोव्यातली लोर्नाची गोष्ट याच जातीची. क्रिस पेरी यांच्या बँडबरोबर कोंकणी गाणी गाऊन ती घराघरांत पोहोचली, मग सत्तरच्या दशकात गप्प झाली. वीस वर्षांहून अधिक काळ तिचा आवाज फक्त रेडिओवर आणि जुन्या तबकड्यांवर राहिला. १९९५ च्या डिसेंबरमध्ये ती पुन्हा मंचावर उभी राहिली तेव्हा मिरामारला जमलेली गर्दी आपलेच तारुण्य ऐकायला आली होती. या दोघांवर आधारलेला ‘नाचोंया कुंपासार’ हा चित्रपट बार्ड्रॉय बार्रेटो यांनी केला. गोव्यात तो नेहमीच्या वितरणाशिवाय सभागृहांतून गावोगाव दाखवला गेला. तंबूची पद्धत पुन्हा कामाला आली. बेळगाव, कारवार, कोल्हापूर या पट्ट्यात ज्यांनी लहानपणी पणजी आकाशवाणी ऐकली, त्यांना हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

मग हे पुस्तक आत्ताच का?

जागा झपाट्याने जात आहेत म्हणून. उषा, ऊर्मिला, पद्मा, रॉयल, व्हीनस, शाहू, पार्वती ही टॉकीजची नावे एकेकाळी कोल्हापुरात पत्ता सांगायला वापरत. त्यांतली कित्येक बंद झाली किंवा रूप पालटून उभी आहेत. जयप्रभा स्टुडिओची जागा विकली जाणार अशी बातमी २०१२ मध्ये आली तेव्हा शहर रस्त्यावर आले, वारसा वास्तू म्हणून तिचे रक्षण व्हावे ही मागणी न्यायालयापर्यंत गेली. २०२२ च्या फेब्रुवारीत जागेचा व्यवहार झाल्याचे उघड झाले आणि कलावंत, तंत्रज्ञ, रसिक पुन्हा उपोषणाला बसले. त्या मांडवात बसलेल्या पुष्कळांनी स्टुडिओत कधीच काम केलेले नव्हते. ते नुसते प्रेक्षक होते. चाहता हा नागरिकही असतो, वास्तूवर त्याचा काही हक्क असतो, हा प्रश्न त्यांनी सगळ्यांसमोर ठेवला, आणि त्याचे उत्तर अजून मिळालेले नाही. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह जळाले, तेही केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या दिवशी. शाहू महाराजांनी बांधलेले, १९१५ पासूनचे हे थेटर. आगीच्या बातमीने लोक रात्रीच धावले, कित्येकजण रडत उभे होते. वास्तू पुन्हा बांधता येते. तिथे कोणत्या रांगेत बसून कुणी काय पाहिले, हे मात्र आत्ताच विचारून ठेवले पाहिजे.

माणसेही जात आहेत. तंबूत ‘सांगत्ये ऐका’ पाहिलेली मुलगी आज ऐंशीच्या आसपास आहे.

आठवणीवर प्रेम करणाऱ्याने तिच्या उणिवाही पाहाव्यात, असा आमचा आग्रह आहे. चित्रपट निर्माते जे. बी. एच. वाडिया यांची एक प्रसिद्ध आठवण आहे. अंधुक प्रकाशातली एकाकी झोपडी आणि कुत्र्याचे रडणे, एवढे एक दृश्य त्यांना जन्मभर भारून राहिले. ही आठवण १९२५ च्या ‘सावकारी पाश’ला सहज चिकटते, कारण मोठेपण त्याचेच गाजले. वाडियांनी मात्र ती बोलपटाबद्दल सांगितली आहे, आणि मूकपट आपल्याला अंधुकच आठवतो असेही नोंदवले आहे. कुत्र्याचे रडणे ऐकू येते म्हणजे तो १९३६ चा बोलपट, हे एका क्षणात कळायला हवे. पण प्रेमाच्या भरात आपण ऐकूही न येणारा आवाज मूकपटात घालतो. असे मिसळणे या संग्रहातल्या लेखांतही आहे. आम्ही लेखकांचे शब्द बदलले नाहीत; जिथे सन, टॉकीज किंवा नट चुकला आहे असे खात्रीने कळले, तिथे शेजारी तसे लिहिले आहे.

दुसरी उणीव अधिक गंभीर. ‘सैरंध्री’त गुलाबबाई आणि अनसूयाबाई या स्त्रियांनी काम केले, कमलादेवी आणि सुशीलादेवी अशी नवी नावे घेऊन, आणि त्यासाठी समाजाचा रोष सोसला. तानीबाईंनी पैसा दिला नसता तर कंपनी निघाली नसती. कोल्हापूरच्या चित्रपटवेडाच्या गप्पांत ही नावे क्वचित येतात. बाबूरावांच्या कॅमेऱ्याची आठवण म्हणून खरी कॉर्नरजवळ असलेल्या कॅमेरा स्तंभापुढे दरवर्षी हार घातला जातो आणि तो घातलाच पाहिजे; पण त्या कॅमेऱ्यासमोर उभ्या राहिलेल्या पहिल्या बायकांची आठवण ठेवणारा चाहता आपण घडवला नाही. हंसा वाडकरांनी स्वतःचे आयुष्य उघड्या शब्दांत सांगितले, त्यावरून श्याम बेनेगलांनी १९७७ मध्ये ‘भूमिका’ केला, तरी तमाशापटाच्या चाहत्यांनी पडद्यावरच्या नर्तकीवर प्रेम केले आणि तिच्या घराकडे पाठ फिरवली. लाइटमन, रंगारी, शिवणकाम करणाऱ्या बाया, पडद्यामागे राबणारी मुले यांचेही तसेच. गेलेल्या काळाची ओढ फार लवकर सोनेरी होते, आणि सोनेरी रंगात मजुरी दिसत नाही. म्हणून संपादनाच्या वेळी आम्ही प्रत्येकाला एकच जास्तीचा प्रश्न विचारत गेलो: तुमच्या शेजारी कोण बसले होते? या प्रश्नाने लेख बदलले. पडद्यावरच्या नायकाबद्दल लिहिणारा माणूस तिकिटासाठी अंडी विकणाऱ्या आईबद्दल लिहू लागला. स्त्रियांसाठीच्या खास खेळाला नऊवारी नेसून गेलेल्या सासू-सुनांबद्दल लिहू लागला.

या पुस्तकाची रचना काळाच्या क्रमाने केलेली नाही. जागेवरून केली आहे: स्टुडिओ, टॉकीज, तंबू, रेडिओचा कोनाडा, व्हिडिओची खोली, मोबाइल. एकाच चित्रपटाची आठवण चार जागी चार रूपांनी भेटेल, कारण जागा बदलली की चित्रपटही बदलतो असे आम्हाला दिसून आले. ‘तुझ्यात जीव रंगला’ या टीव्ही मालिकेच्या वेळी वसगडे गावातला वाडा पाहायला महाराष्ट्रभरातून गाड्या भरून माणसे येत होती; मालिकेचे चाहते चित्रपटाच्या पुस्तकात कशाला, असे काही मित्रांनी विचारले. आम्ही त्यांना घेतले. जयप्रभाच्या फाटकाशी सूर्यकांतांना पाहायला उभा राहणारा मुलगा आणि त्या वाड्यासमोर उभी राहणारी मुलगी यांच्यात मला काही फरक दिसत नाही. कोल्हापूरच्या फुटबॉलचे वेड, पाटाकडील आणि खंडोबा तालमीच्या समर्थकांचे शाहू स्टेडियमवरचे रान उठवणे हेही खरे तर याच स्वभावाचे. त्यावर वेगळे पुस्तक व्हायला हवे, म्हणून इथे मोह आवरला.

काय राहिले तेही सांगतो. उर्दू आणि कन्नड बोलणाऱ्या घरांतल्या आठवणी फार थोड्या मिळाल्या; इचलकरंजीच्या मागवाल्यांपर्यंत आम्ही पोहोचलो, गडहिंग्लज-चंदगडपर्यंत नीट पोहोचलो नाही. ऑपरेटरच्या खोलीत आयुष्य काढलेल्या माणसांचे लेख दोनच आहेत, आणि दोन्ही लहान आहेत, कारण ती माणसे लिहायला संकोचली. चित्रपट त्यांनी सगळ्यांत जास्त वेळा पाहिला, तोही खिडकीच्या छिद्रातून, निम्मे लक्ष कार्बनच्या ज्योतीवर ठेवून. त्यांच्याशी बोलण्याचे काम पुस्तक छापायला गेल्यानंतरही चालू आहे.